सांगितलेलं पथ्य

तिसऱ्यांदा पट्टा बांधला तरी रक्तदाबाचा आकडा एकशे ऐंशीच्या खाली येईना. सिस्टर अनिताने यंत्र बाजूला सरकवलं आणि स्टुलावर बसलेल्या सिराजुद्दीनकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, स्कॅफोल्डिंगवरचा फोरमन, दोन महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवून आलेला. पावलं इतकी सुजली होती की बूट टाचेवर दुमडून घातले होते.

"खरं सांगा, सिराजभाई. काय खाता?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मी लोणचं सांगितलं होतं? पापड?"

"नाही सिस्टर. त्यांना हातसुद्धा लावला नाही."

सौदीतल्या रास अल खैरच्या कामगार कॅम्पमधला दवाखाना तो. डॉक्टरांची खोली आत, आणि बाहेर एका पडद्याआड अनिताचं टेबल. पडद्यापलीकडच्या बाकावर सात-आठ जण नंबर लावून बसलेले, निम्मे रत्नागिरी-रायगडचे. पडद्याने माणूस दिसत नाही इतकंच. आवाज सगळ्यांना जातो, हे ठाऊक असूनही अनिताने तो चढवला.

"जिभेवर ताबा नाही, आणि वर खोटं बोलता? आज डॉक्टरांनी अनफिट लिहिलं की एक्झिटचा व्हिसा लागलाच समजा. मग बसा बाणकोटला समुद्र बघत! आपला माणूस म्हणून पथ्याचा इंग्रजी कागद हातात न कोंबता मराठीत समजावलं, त्याचे चांगले पांग फेडलेत."

बाकावर कोणीतरी हसलं. सिराजुद्दीनने मान खाली घातली, कान लाल झाले. आणि सांगायला वाईट वाटतं, पण अनिताला तेव्हा बरंच वाटलं. फायलीत तिने इंग्रजीत लिहूनही टाकलं की रुग्ण सल्ला पाळत नाही.

तेवढ्यात बाकावरचा एक जण पडदा सारून आत आला. सिराजुद्दीनच्या खोलीत राहणारा उस्मान.

"सिस्टर, चाचा खोटं नाही बोलत. आम्ही जुबैलहून ताजी सुरमई आणतो, चाचा तिला शिवत नाही. सिस्टरने मना केलंय म्हणतो. आम्ही सगळे जेवतो आणि हा बाजूला बसून आपलं सुकं खातो. मीच सुट्टीवरून येताना त्याच्या घरून तीन किलो आणलं."

"तीन किलो काय?"

"सुकं. बोंबील, खारवलेला बांगडा."

सिराजुद्दीन हळूच म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, सिस्टर. रस्सा बंद करा, सुकं खात जा. दोनदा म्हणालात."

म्हणाली होती. अनिता कोल्हापूरची. तिच्या माहेरच्या ताटात सुकं म्हणजे रश्श्यावाचून केलेलं, मटण असो की भाजी. तेलाचा तवंग याच्या पोटात जाऊ नये, एवढंच तिला सांगायचं होतं. बाणकोटच्या घरात मात्र सुकं म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेली मासळी, दुसरं काही नाही. ताजा मासा खावा असं त्या इंग्रजी कागदावर स्पष्ट छापलं होतं. तो कागद अजून तिच्याच खणात होता.

दोन महिने तिने एका दुखऱ्या हृदयाला मीठ भरवलं होतं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

आतून बोलावणं आलं. इजिप्तच्या डॉक्टरांनी फाइल वाचली आणि कामगारांशी बोलायची आपली मोडकी हिंदी काढली. "सिस्टर बोला, तुम नहीं सुना?"

सिराजुद्दीनने एकदा अनिताकडे पाहिलं. "नहीं सुना, साहब. गलती मेरी."

अनिता गप्प राहिली. फार वेळ नाही, डॉक्टरांनी अनफिटचा फॉर्म पुढे ओढून पेन उघडेपर्यंत. तिचीही नोकरी कंत्राटाचीच होती. पण गप्प राहिली हे खरं.

मग ती इंग्रजीत म्हणाली, "थांबा, डॉक्टर. यांनी ऐकलं. मीच चुकीचं सांगितलं." आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिला जे सुनावलं तेही इंग्रजीतच. शेवटी त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, गोळ्या बदलल्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.

दाराबाहेर सिराजुद्दीनने विचारलं, "काय झालं? काय बोललात त्यांना?"

"आधी तुम्ही सांगा, गलती मेरी कशाला म्हणालात?"

"मग काय, आपल्या बाईला परक्या माणसासमोर खाली बघायला लावू?"

बाक तसाच भरलेला होता. इंग्रजीतली कबुली त्यातल्या एकालाही ऐकू आली नव्हती. बोल मात्र तिने मराठीत लावले होते, चारचौघांदेखत. अनिताने पडदा पार कडेपर्यंत सारला आणि बाकासमोर उभी राहिली.

"सिराजभाई खोटं बोलले नाहीत. मी सांगितलं तसंच ते वागले. माझं सांगणंच चुकलं, आणि त्यांचा आजार मी वाढवला."

कोणी हसलं नाही. कुठे बघावं ते बाकावरच्यांना कळेना.

सर्वांत जास्त अवघडला तो सिराजुद्दीन. "असू दे, सिस्टर, असू दे," म्हणत तो पुन्हा स्टुलावर टेकला. सुजलेलं पाऊल हाताने उचलून त्याने नीट ठेवलं, आणि शाळेत बसावं तसा तिच्याकडे तोंड करून बसला.

"आता सांगा, काय खाऊ? तुम्ही सांगाल तेच खाईन."