दुसऱ्या कंपनीचा कान

सकाळी नवऱ्याचे विस्फारलेले डोळे पाहून विजयाबाई पलंगाशी धावल्या. पक्षाघाताने यशवंतरावांचे हातपाय आणि वाचा गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. मनातलं बोलणं ते मेंदूतल्या चिपवरून थेट बायकोच्या कानातल्या यंत्रात पाठवत. आज मात्र तिथे परकाच आवाज आला. "हा संदेश दुसऱ्या कंपनीच्या चिपवरून येत आहे. असे संदेश ऐकवण्याची सोय आजपासून बंद झाली आहे."

"अहो, मला तुमचं ऐकू येत नाहीये!"

यशवंतरावांच्या कपाळावर घाम डवरला होता. विजयाबाई अनवाणीच शेजारच्या फरीदाकडे पळाल्या. तिच्या कानात यशवंतरावांच्या चिपच्याच कंपनीचं यंत्र होतं. फरीदाने धावत येऊन ते त्यांच्या चिपला जोडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, छातीत कळ येतेय म्हणतात. मघापासून तुम्हाला हाका मारताहेत."

विजयाबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. ती यायला दहा मिनिटं लागणार होती. यशवंतरावांची नजर बायकोवर खिळली होती. ऐकता ऐकता फरीदाने एकाएकी मान खाली घातली.

"काय म्हणताहेत गं?"

"तुमच्याशीच बोलताहेत, काकू. मी कशी सांगू?"

"सांग. जसंच्या तसं सांग."

फरीदा त्यांचेच शब्द बोलू लागली. "विजू, मला फार भीती वाटतेय. तू बोलत राहा. तुझं मला ऐकू येतंय."

विजयाबाईंनी त्यांचा गार हात छातीशी धरला आणि सुचेल ते बोलायला सुरुवात केली.