अर्धा इंच

बोल्टला हवा होता बारा नंबरचा पाना, आणि दिगंबररावांच्या हातात होता अर्ध्या इंचाचा.

पाना बोल्टवर बसला, डुगडुगला आणि जोर लावताच सटकला. दिगंबररावांच्या बोटांची सालटं निघाली. कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी आठपासून त्यांची ही झटापट चालली होती. मोटरसायकलची टाकी उतरली होती, कार्बुरेटर निघाला होता, कारण स्क्रू-ड्रायव्हर कुठल्याही देशाचा चालतो. इंजिन धरून ठेवणारे बोल्ट मात्र मिलिमीटरचे होते, आणि समोरच्या लाल लोखंडी पेटीतला एकूण एक पाना अमेरिकन इंचाचा.

"कसली जबरी ग्रिप आहे ना, बाबा?" समोर मांडी घालून बसलेल्या सुरुचीनं विचारलं.

"अप्रतिम," दिगंबरराव दात आवळून म्हणाले.

पेटी तिनंच आणली होती. दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर गडबडू नयेत म्हणून कंपनीनं तिला अमेरिकेला धाडलं, आणि पहिल्या सुट्टीला येताना लेकीनं स्वतःचे कपडे तिथंच टाकून बाबांसाठी ही चौदा किलोची पेटी उचलून आणली. झाकण उघडताच दिगंबररावांनी ओळखलं. न ओळखायला काय झालं? अठ्ठावीस वर्षं ते कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. केसभर फरक दिसला की मालाला लाल चिठ्ठी. कामगार त्यांना पाठीमागे 'रिजेक्टराव' म्हणायचे. पण पोरगी असे डोळे लावून बसली होती की त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग त्या एका 'वा'ला वर्षभर, दर रविवारच्या फोनवर खतपाणी घालावं लागलं. आणि आता ही बया पुन्हा सुट्टीवर आली होती आणि हटून बसली होती: इंजिन दुरुस्तीला द्यायचंच आहे ना, मग माझ्या सेटनं उतरवा, मला बघायचंय.

इंदुबाई चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी नवऱ्याची बोटं पाहिली, मग पेटी पाहिली.

"अख्ख्या कंपनीला तोंडावर सांगत होतात माप चुकलंय म्हणून," कप देताना त्या त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "घरातच बरी वाचा बसते तुमची!"

"तू वर जा बघू."

"जातेच आहे. माळ्यावर काम आहे मला."

दिगंबररावांना सगळ्यांचाच संताप आला. बायकोचा आला, चंद्रावर जाऊन आले तरी इंच न सोडणाऱ्या त्या देशाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. सुरुची चहात बिस्किट बुडवत होती. तेवढ्यात त्यांनी पत्र्याची एक बारीक पट्टी पान्यात सारली, म्हणजे तो घट्ट बसेल. असलाच उद्योग करणाऱ्या एका फिटरला त्यांनी एकदा मेमो दिला होता.

त्यांनी जोर लावला. पाना फिरला, बोल्ट जागच्या जागी राहिला. पट्टी टिंगकन फरशीवर पडली.

सुरुचीनं ती उचलली. पान्यावरचा आकडा वाचला. मग वाकून बोल्ट पाहिला. त्याचे दोन कोपरे पार गुळगुळीत झाले होते.

"बाबा, हा सेट इंचातला आहे."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पेटी उघडली तेव्हा."

"वर्ष झालं त्याला! आणि फोनवर काय सांगत होतात? आज चेन काढली, आज चाक काढलं..."

"ते काढलं होतं. जुन्या पान्यांनी."

"चौदा किलो, बाबा! एअरपोर्टवर बॅग उघडून बूटसुद्धा काढून टाकले मी. एक शब्द बोलायचात ना! दुकानात बदलून तरी आणली असती."

ती ताडताड पायऱ्या चढून वर गेली. दिगंबरराव बसून राहिले. चहावर साय धरली होती. एवढा आटापिटा केला तो हेच टाळायला, आणि बोल्ट तर बोल्ट, पोरगीही हातची गेली.

पाच मिनिटांनी सुरुची खाली आली. काखेत त्यांची जुनी कॅनव्हासची गुंडाळी होती, तिच्यावर माळ्यावरची धूळ. गुंडाळी फरशीवर उलगडून तिनं बाराचा रिंग पाना त्यांच्या हातात दिला आणि बाराचाच दुसरा घेऊन ती पलीकडे नटापाशी बसली. लहानपणी तिला नट धरायला बसवायचे, तशी.

पहिला बोल्ट कुरकुरत सुटला. दुसराही सुटला. झिजलेल्यानं घाम काढला, पण हातोडीचे चार ठोके खाऊन तोही वळला. आता एकच उरला आणि इंजिन त्याच्यावर लोंबकळू लागलं.

"थांब, थांब. खाली ठोकळा पाहिजे," दिगंबरराव इकडेतिकडे बघत म्हणाले. "तिथली वीट दे. नको, ती बुटकी पडेल. दोन लावल्या तर उंच होतील. श्या!"

सुरुचीनं लाल पेटीचं झाकण खटकन बंद केलं आणि पेटी पायानं सरकवत इंजिनाखाली नेली.

शेवटचा बोल्ट निघाला. इंजिन पेटीवर बसलं. ना आदळलं, ना कललं.

"बघा तपासून," सुरुची म्हणाली. तिचा आवाज अजून फुरंगटलेलाच होता.

दिगंबरराव गुडघ्यांवर आले. पेटी आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत त्यांनी सालटं निघालेलं बोट घालून पाहिलं. बोट जाईना. मग खिशातून बसचं तिकीट काढून तेही घालून पाहिलं.

"पास," ते म्हणाले.