सोपानच्या पाठीवरचा भोपळा

तळ्यातून पोहून आलेल्या सोपानने पाठीला बांधलेला सुका, पोकळ भोपळा सोडून काठावर टाकला आणि त्यातून भळाभळा पाणी वाहू लागलं.

चिटणीस साहेबांनी तो उचलून उलटा केला. खालच्या अंगाला अंगठा जाईल एवढं भोक होतं. साहेबांचा चेहरा खुलला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज आयतंच हाती आलं होतं.

"राजमहंमद, हे काय आहे?"

राजमहंमद उस्तादांनी भोक पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तुंगार्लीच्या धरणाच्या तळ्याकाठी पोहण्याच्या शिबिराला आलेली कॉलेजची बावीस मुलं भोवती जमली.

उस्ताद मूळचे वराळ्याचे. बापाने इंद्रायणीत पोरांना पोहायला शिकवलं, तीच विद्या घेऊन ते पुण्याच्या कॉलेजात लागले. अकरा वर्षं झाली, पण नेमणूक अजून हंगामी. दर जूनला नवा अर्ज, नवी हांजी हांजी. त्यात दोन वर्षांपूर्वी हे चिटणीस जिमखान्यावर आले आणि हात धुऊन त्यांच्या मागे लागले. या माणसाकडे प्रमाणपत्र नाही, लुंगी नेसून शिकवतो, आणि पोरांच्या पाठीला भोपळे बांधतो! आज सकाळीच तंबूपाशी दोघांची जुंपली होती. साहेबांनी भोपळ्यांऐवजी बांधायला मुंबईहून बुचाचे पट्टे मागवले होते. उस्तादांनी त्यातला एक उचलून मातीत फेकला. "ह्ये कुत्र्याच्या गळ्यात बांदा. माजा भोपळा तीस वर्सात बुडाला न्हाई." साहेब पांढरेफटक पडले होते. एक चूक सापडू दे, त्याच दिवशी घरी पाठवतो, असं सगळ्यांदेखत बोलून गेले होते.

आणि आता ती चूक त्यांच्या हातात होती.

"मधोमध दोन पुरुष पाणी आहे," साहेब मुलांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले. "चार दिवस शिकलेलं पोर. पोलिसांत द्यायला हवं तुम्हाला. सोपानचे वडील आलेत ना? बोलवा त्यांना."

बोलवायची गरजच पडली नाही. कोंडाजी बेडश्याहून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन सकाळीच लेकाला भेटायला आला होता. तो तरातरा पुढे आला आणि त्याने उस्तादांच्या सदऱ्याला हात घातला.

"माजं लेकरू मारायला निगाला व्हतास व्हय रं? येकुलतं येक हाय मला!"

सदरा टर्रकन फाटला. मुलांपैकी कुणी सोडवायला आलं नाही. उस्तादांच्या शिव्या बावीसही जणांनी खाल्ल्या होत्या. खरं सांगायचं तर दोघाचौघांना बरंच वाटत होतं. उस्ताद हात खाली सोडून उभे राहिले.

कोंडाजीने साहेबांच्या हातातून भोपळा हिसकावला. तो बहुतेक उस्तादांच्या डोक्यातच घालणार होता. पण भोकावर बोट फिरलं आणि तो थांबला.

"सोपाना, कुटवर गेलतास?"

"धरणाच्या भिंतीपातुर, आबा."

"आन माघारी?"

"पवतच आलो की. पाठीला जरा वजान वाटत व्हतं."

कोंडाजी लेकाकडे बघत राहिला, मग भोपळ्याकडे, आणि एकाएकी खदखदून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आरं, आमचा चुलता ह्येच करायचा! चार दिस चांगला भोपळा बांदायचा आन पाचव्या दिशी गुपचूप भोक पाडायचा. पोराला वाटायचं, भोपळा हाय. भोपळा तर पाण्यानं भरत चाललेला. पोर आपल्या आपुन पवत असायचं! म्या बी तसाच शिकलो, बेडश्याच्या हिरीत. उस्ताद, म्या तुमाला वळखलंच न्हाई बगा. चुकलो. पाया पडतो तुमच्या."

आणि तो खरोखरच पाया पडला. मग मुलांना कोण आवरणार? सोपानला त्यांनी खांद्यावर घेतलं, उस्तादांच्या नावाने आरोळ्या ठोकल्या. मघाशी सोडवायलाही न आलेली मुलं उस्तादांच्या भोवती गोळा झाली.

साहेबांचं तोंड कडू झालं. पण माणूस मोठा हुशार. वारा फिरला की शीड फिरवायला त्यांना वेळ लागत नसे.

"मग हे आधी सांगायचं नाही का?" ते उस्तादांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "मी आजच प्रिन्सिपॉल साहेबांना तार करतो. उद्या ते इथे येतील. उद्या सकाळी बावीसच्या बावीस भोपळ्यांना भोकं पाडून ठेवा, त्यांच्यासमोर सगळ्यांना मधोमध सोडू. तुम्ही कायम झालातच असं समजा, उस्ताद."

उस्ताद. दोन वर्षांत हा शब्द साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा आला होता.

मुलं आनंदाने ओरडली. त्यांतल्या निम्म्यांना अजून धड हात मारता येत नव्हता. कोंडाजीने भोपळा दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, उस्तादांच्या हाती दिला. उस्तादांनी भोकाची कड चाचपली. फाटका सदरा त्यांनी नीट खोचून घेतला आणि ते साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"म्या भोक पाडलं न्हाई, साहेब. ह्ये उंदरानं कुरतडलंय. सकाळी तुमच्यावरच्या रागात म्या भोपळा न बगताच पोराच्या पाठीला बांदला."