काळी चाकं

शेठजींची मोटर दारात आली, की विमल फडकं घेऊन चाकांपाशी बसायची. ब्रेकची काळी भुकटी जास्त, म्हणजे ड्रायव्हर नवऱ्यानं, घनश्यामनं, गाडी सुसाट पळवली, हे तिचं ठाम मत. उद्या त्याच मोटरीतून लेकराला घेऊन तिला नेरला, माहेरी जायचं होतं. आज तर फडकं काजळासारखं काळं झालं.

"काहून एवढे ब्रेक मारले? मी माह्या लेकराले यष्टीनंच नेईन!"

घनश्याम हसला. "शेठजींची लेक दवाखान्यातून आणली. मांडीवर तान्हं निजलं होतं. खड्डा दिसला का पाय ब्रेकवर."

"मंग, उठलं?"

"यवतमाळहून दिग्रस येईस्तोवर हूं नाही का चूं नाही."

विमलनं फडकं पिळलं. "उद्या चाकं याहून काळी झाली पाह्यजेत. पुसाले मी आहो."