दुर्बिणीच्या कड्या

बाबांची खाट कामाच्या टेबलाशेजारीच होती. रायफलीवरची दुर्बीण घट्ट बसावी म्हणून त्यांची मुलगी ती धरून ठेवणाऱ्या कड्यांच्या आतून खरखरीत पेस्ट लावलेला पोलादी दांडा पुढेमागे घासत होती. हे काम जेमतेमच करायचं असतं. ती तासभर करत होती.

भाऊ आत आला. बाबांच्या नाकाशी बोट धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने चादर वर ओढली. तिने मान वळवली नाही. तिला आधीच कळलं होतं.

"ताई, बास कर. सैल झाल्या कड्या. फुकट गेल्या."

ती घासतच राहिली.

"अगं, बाबांनी पाहिलं असतं तर उभं सोललं असतं तुला!"

"तेवढ्यासाठीच घासतेय," ती दांडा रेटत म्हणाली. "ओरडू देत ना एकदा."