पिठल्यातली गोळी

“बाई, आपण कोण?” दिगंबररावांनी सकाळच्या चहाला विचारलं.

“तुमची बायको. इंदुमती,” त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या.

साथीत लोक घरचीच माणसं विसरत होते. जंतांवरच्या एका जुन्या गोळीने ओळख परत येई. पण ती सरकारने वाटायला घेतली, आणि दिगंबरराव पडले विरोधी पक्षाचे तालुकाध्यक्ष. पक्षाने गोळी न घेण्याची जाहीर शपथ घेतली होती. आजारातून उठून बायकोला ओळखणारा कार्यकर्ता फितूर समजला जाई. दिगंबरराव बायको विसरले होते, शपथ नाही.

शेवटी इंदुमतीबाईंनी आठवडाभर पिठल्यात गोळी कुटून घातली.

आठव्या दिवशी पंगतीला पक्षाचे दोन कार्यकर्ते होते. दिगंबररावांनी कढईच्या तळाची खरवड उलथन्याने सोडवली आणि लग्नापासून ठेवत आले होते तशी बायकोच्या ताटात ठेवली.

इंदुमतीबाईंचा घास हातातच राहिला. “अहो...”

दिगंबररावांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. “बाई, आपलं नाव काय म्हणालात?”

इंदुमतीबाईंनी नाव सांगितलं. मग खरवडीचा तुकडा मोडत कार्यकर्त्यांना विचारलं, “निवडणुका कधी आहेत हो?”