वाढवलेलं वाक्य

नवं ऑक्सिजनचं मशीन अचानक केकाटू लागलं आणि कुमुदताईंची पाचावर धारण बसली. खोक्यात माहितीपुस्तिका नव्हतीच.

“पुस्तिका आता कुणी छापत नाही, आई,” म्हणत सुनेनं मशीनवरच्या कोडसमोर मोबाइल धरला.

कुमुदताईंचे यजमान दिगंबरराव असते तर चिडले असते. याच कंपनीच्या पुस्तिका लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. प्रत्येक मजकूर आधी बायकोच्या हातात देत, “वाच आणि करून दाखव.” एकदा करून दाखवताना मशीनचा असाच आवाज झाला आणि कुमुदताई हातातलं टाकून पळाल्या. मजकुरात तिथे दिगंबररावांनी एक वाक्य वाढवलं. साहेबांनी ते खोडलं, यांनी पुन्हा घातलं.

मोबाइल आधी तेच वाक्य बोलला, “घाबरू नका.” मग म्हणाला, “नळी दुमडली असेल, सरळ करा.”

कुमुदताईंनी नळी सरळ केली. आवाज थांबला.

“नाही घाबरत हो,” त्या मोबाइलला म्हणाल्या.